जोत्याखाली कोण राहतं?

शेतातलं पीक उठलं की उंदीर-घुशींचं तिथलं खाणं संपतं आणि त्यांचा मोर्चा गोठ्याकडे, कोठाराकडे वळतो. त्यामुळे दरवर्षी या दिवसांत माझ्याकडे बिळांची पत्रं येतात. यंदा जरा जास्तच आली आहेत. त्यांतली चार निवडली. पहिल्याचं उत्तर लांबलं आहे, कारण त्यात बहुतेकांची उत्तरं येऊन जातात.

प्रश्न : ताई, आमच्या गोठ्याला लागून चाऱ्याची आणि पेंडीची खोली आहे. तिच्या मागच्या भिंतीशी रोज सकाळी मातीचा नवा ढीग दिसतो. तीनदा दगड-सिमेंट घालून भोक बंद केलं, पण दोन-चार दिवसांत हातभर अंतरावर नवं पडतं. आता खोलीतल्या कोब्याला चीर गेली आहे. वडील म्हणतात औषध टाका, गवंडी म्हणतो जोतं उकलून पुन्हा बांधा. काय करू?

दोघांनाही दोन आठवडे थांबायला सांगा आणि आधी एक जाड काठी घ्या. खोलीत जाऊन कोब्यावर वीतभर अंतराने काठी आपटत चला. खाली भराव शाबूत असेल तिथे आवाज भरीव येतो. जिथे पोकळी झाली आहे तिथे ढबढब वाजतं, ऐकलं की लगेच कळतं. ढबढब वाजेल तिथे खडूने खूण करा. माझ्या खोलीत मी असं केलं तेव्हा खुणांची एक वाकडीतिकडी रेघच तयार झाली. मागच्या भिंतीतून निघून ती थेट पेंडीच्या पिंपाखाली जाऊन थांबली होती. पिंपातून पेंड काढताना रोज मूठभर सांडत होती, तीही नेमकी तिथेच. घूस उगाच उकरत नाही. ती कुठे पोहोचायला निघाली आहे हे कळलं की निम्मं काम झालं.

तुम्ही केलीत तीच चूक मीही केली होती, म्हणून ती सांगते. दिवेलागणीला भोक दिसलं, घमेलंभर सिमेंट कालवलं, ओतलं आणि समाधानाने झोपले. सकाळी बाहेरचं सिमेंट जागच्या जागी होतं आणि खोलीच्या आत, कोबा आणि भिंत यांच्या सांध्यातून, ताज्या ओल्या मातीचा ढीग वर आला होता. मी घुशीला आत कोंडलं होतं आणि तिने आतूनच वाट काढली. अशा बिळाला एकच तोंड कधी नसतं. एक-दोन चोरवाटा असतात, त्यांच्या तोंडावर पालापाचोळा किंवा सैल मातीचा पातळ थर असतो, त्या सहज दिसत नाहीत.

आता राहतं कोण ते ओळखा. रुपयाएवढं किंवा त्याहून लहान, कडा गुळगुळीत झालेलं भोक असेल तर लहान घरउंदीर. दोन-तीन इंच रुंद, समोरची वाट घासून चिकणी झालेली, तर मोठा उंदीर. त्याहून मोठं तोंड, बाहेर भरपूर उकरलेली माती आणि तोंड बऱ्याचदा आतून सैल मातीने बुजवलेलं असेल, तर घूस. घुशी बिळात धान्यही साठवतात. लेंडीवरूनही कळतं. घरउंदराची तांदळाच्या दाण्याएवढी, मोठ्या उंदराची अर्धा-पाऊण इंच लांब. तुमच्या पत्रातलं वर्णन घुशीचं वाटतं, पण खात्री करून घ्या. भोकासमोर चाळलेली राख पातळ पसरा. सकाळी तिच्यावर पावलं उमटलेली असतील. पुढच्या पायाची चार बोटं आणि मागच्याची पाच, म्हणजे उंदीर किंवा घूस. राखेत बोटांशिवाय नुसता नागमोडी पट्टा ओढलेला दिसला तर मात्र लांब उभ्या राहा. उंदरांच्या बिळात साप येऊन राहतात, म्हणून कुठल्याही बिळात हात घालायचा नाही, अगदी रिकामं दिसलं तरी.

त्यानंतर जिवंत बिळं मोजायची. संध्याकाळी इमारतीभोवती एक फेरी मारा आणि दिसेल ते प्रत्येक भोक नुसत्या ओल्या मातीने किंवा कागदाच्या बोळ्याने बंद करा. सिमेंट नाही, दगड नाही. शेजारी एक काडी रोवून ठेवा. सकाळी जी उघडलेली असतील तीच वापरातली. पहिल्या वेळी मी सतरा काड्या रोवल्या आणि सकाळी फक्त चार भोकं उघडी होती. बाकी तेरा जुनी, सोडून दिलेली निघाली. ही मोजणी झाली नसती तर मी सतरा ठिकाणी पैसे आणि श्रम घातले असते.

आता कामाचा क्रम. या क्रमाबद्दल मी आग्रही आहे, कारण उलटा केला तर फटका बसतो. सगळ्यात आधी खाणं बंद. पेंड, भरडा, कोंबड्यांचं खाद्य हे सगळं घट्ट झाकणाच्या पत्र्याच्या पिंपात ठेवा. प्लास्टिकचं पिंप नको. उंदराचे पुढचे दात आयुष्यभर वाढत राहतात, ते झिजवायला त्याला सतत काहीतरी कुरतडावं लागतं आणि प्लास्टिकची कड त्याला सापडतेच. पोती भिंतीला टेकवू नका. भिंतीपासून दीड फूट आणि जमिनीपासून दीड फूट अंतर ठेवलं की मागे-खाली झाडता येतं आणि काय चाललंय ते दिसतं. सांडलेलं रोज संध्याकाळी गोळा करायचं, सकाळी नाही. खाणारा रात्री येतो.

पाण्याचंही बघा. घरउंदीर पाण्यावाचून कोरड्या दाण्यावर निभावतो, पण मोठ्या उंदराला रोज पाणी लागतं. ठिबकणारा नळ, जनावरांच्या टाकीखालचा चिखल, तुंबलेली मोरी दुरुस्त करा. मोरीच्या तोंडाला लोखंडी जाळी हवीच. शिवाय भिंतीशी पाणी मुरलं की भराव मऊ होतो आणि मऊ भराव उकरायला सोपा. पत्र्यावरून पडणारं पागोळ्यांचं पाणी पन्हळ लावून भिंतीपासून दूर न्या.

खाणं बंद झालं की पिंजरे. भिंतीला लागून, त्यांच्या येण्याजाण्याच्या वाटेवरच, तोंड वाटेकडे करून ठेवा. मोठे उंदीर फार संशयी असतात, नवीन वस्तू दिसली की काही दिवस तिच्या वाऱ्यालाही उभे राहत नाहीत. म्हणून पहिले चार-पाच दिवस पिंजऱ्यात खाणं ठेवा पण दार अडकवून ठेवा, पडू देऊ नका. निर्धास्त आत-बाहेर करायला लागले की मग पिंजरा लावा. एक लावून भागत नाही. आठ-दहा एकाच रात्री लावा. सकाळी उजाडल्या उजाडल्या पिंजरे बघा, जनावर उन्हात तडफडत ठेवू नका. धरलेलं जनावर शेजाऱ्याच्या बांधावर सोडून येणं हाही उपाय नाही.

लाकडं, विटा, मोडकी अवजारं, पत्रे ही भिंतीशी रचलेली अडगळ हलवायची ती आता, पिंजऱ्यांत सापडणं जवळजवळ थांबल्यावर. मी एका वर्षी हे आधी केलं. एका दुपारी चार माणसं लावून लाकडांचा ढीग उपसला, आणि त्याखालचं सगळं खटलं त्याच रात्री कोंबड्यांच्या खुराड्याखाली जाऊन बसलं. आसरा मोडला की जनावर मरत नाही, दुसरा आसरा शोधतं, आणि सगळ्यात जवळचा आसरा आपल्याच छपराखाली असतो.

मग बुजवणं. पुन्हा एकदा ओल्या मातीची परीक्षा घ्या. लागोपाठ तीन सकाळी एकही भोक उघडलं नाही तरच पुढे जा. बिळाच्या वाटेने उकरत जायचं, पोकळी उघडी करायची आणि मुरूम थराथराने टाकून, पाणी मारून, दुरमुसाने ठोकत भरायचा. वरून नुसतं सिमेंटचं पाणी ओतलं तर ते वरच्या हातभरात अडकतं आणि खालची पोकळी तशीच राहते. कोब्याचा जेवढा भाग ढबढब वाजतो तेवढाच फोडून खालून भरून घ्या. सगळं जोतं उकलायची गरज मला तरी वाटत नाही. भिंतीलाही चीर गेली असेल, ती वर रुंद होत असेल किंवा दार अडकायला लागलं असेल, तर मात्र जाणत्या माणसाला दाखवा. मग प्रश्न घुशीचा राहत नाही, पायाचा होतो. बिळात काचा भरायचा सल्ला मला लहानपणापासून ऐकू येतो. मी तो देणार नाही. पाच वर्षांनी तिथे खणणारा हात आपल्याच घरातला असतो.

शेवटचं काम थोडं खर्चाचं आहे, पण तेच टिकतं. भिंतीच्या बाहेरून दोन फूट खोल चर घ्या. त्यात अर्ध्या इंचाहून मोठं भोक नसलेली जाड तारेची गॅल्व्हनाइझ्ड जाळी भिंतीला चिकटवून उभी सोडा आणि तळाशी ती बाहेरच्या बाजूला एक फूट आडवी वळवा. आडवी वळवणं महत्त्वाचं. भिंतीशी उकरत खाली आलेली घूस त्या आडव्या जाळीवर येऊन थांबते, आणि मागे सरकून फूटभर लांबून पुन्हा सुरुवात करण्याचं तिला सुचत नाही. ती अडथळ्याशीच झगडत राहते आणि सोडून देते. चर मातीने भरून ठोका आणि वर भिंतीच्या कडेने दोन फूट रुंद, सहा इंच जाड खडीचा पट्टा करा. खडी इंचभर किंवा त्याहून मोठी हवी. बारीक कच घातली तर ती सहज उकरली जाते, मोठी खडी मात्र उकरली की ढासळून पुन्हा भोकात पडते. पट्ट्यावर गवत वाढू देऊ नका.

दाराखालची फटही बघून घ्या. शिसपेन्सिल आत जाते तिथून घरउंदीर जातो. दाराच्या खालच्या कडेला फूटभर उंचीची पत्र्याची पट्टी ठोका.

हे सगळं हातमोजे आणि गमबूट घालूनच करायचं. उंदरांच्या मुतातून लेप्टोस्पायरोसिसचे जंतू ओल्या मातीत येतात आणि हातापायाच्या कापल्या-खरचटल्या जागेतून आपल्या अंगात शिरतात. या रोगाचं तीव्र रूप जर्मन डॉक्टर अडॉल्फ वाइल यांनी १८८६ साली नोंदवलं. जनावरांनाही तो होतो, गाभडण्यामागे तो असू शकतो. अशा कामानंतर काही दिवसांनी, अगदी तीन-चार आठवड्यांनीसुद्धा, ताप आला, पोटऱ्या ठणकल्या, डोळे लाल झाले, तर डॉक्टरांना «मी उंदरांची बिळं उकरली होती» एवढं आवर्जून सांगा. सुक्या लेंड्या झाडू नका. आधी जंतुनाशकाच्या पाण्याने भिजवा, मग उचला.

प्रश्न : शेतात घुशींसाठी वापरतात त्या गोळ्या घराच्या मागच्या बिळात टाकल्या तर? उरलेल्या चार आहेत. शेजारच्यांचं म्हणणं, एका रात्रीत काम होतं.

टाकू नका. हे पत्र मी ठरल्यापेक्षा आधी छापायला दिलं आहे, कारण तुम्ही वाट बघत असाल.

त्या गोळ्या ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या. ओलावा लागला की त्यांतून फॉस्फीन वायू सुटतो. तो हवेपेक्षा किंचित जड असतो आणि बिळाच्या वाटेने, भरावातल्या पोकळ्यांतून, कोब्याच्या चिरेतून थेट घरात येतो. आता वर जे वाचलंत ते आठवा. तुमच्या मागच्या भिंतीतलं भोक आत कुठे उघडतं ते तुम्हाला माहीत आहे का? कदाचित लेकरं झोपतात त्या खोलीच्या कोपऱ्यात. वासावर भरवसा ठेवू नका, वास येण्याआधीच वायू घातक प्रमाणात असू शकतो. या विषावर उतारा नाही. अमेरिकेत घराजवळच्या बिळांत असाच वायू सोडल्यावर २०१० साली एकाच घरातल्या दोन लहान बहिणी गेल्या. त्यानंतर तिथे घरांच्या आसपास हा वापर बंद केला गेला. त्या गोळ्या डबीसकट कोरड्या जागी, माणसं-जनावरं राहत नाहीत अशा ठिकाणी कुलूपबंद ठेवा, पाणी लागू देऊ नका, आणि जिथून आणल्या तिथे किंवा कृषी अधिकाऱ्यांकडे विचारून परत करा. चुलीत, मोरीत, उकिरड्यावर टाकू नका.

झिंक फॉस्फाइडची काळी पूड हाही घराजवळचा उपाय नाही. पोटातल्या आम्लात तिच्यातून तोच वायू तयार होतो. कोंबड्यांनी ते आमिष टिपलं किंवा कुत्र्याने खाल्लं तर वाचवणं कठीण. शिवाय उंदराने थोडंसं खाऊन पोट बिघडलं आणि तो जगला, तर पुढे कित्येक दिवस तो त्या आमिषाला तोंड लावत नाही.

ब्रोमॅडिओलोनच्या वड्यांबद्दल तुम्ही विचारलेलं नाही, पण बरेच जण विचारतात. त्यांनी रक्त गोठत नाही आणि उंदीर चार-पाच दिवसांनी किंवा अधिक काळाने मरतो. के१ जीवनसत्त्व हा त्यावर उतारा आहे, म्हणून कुत्र्याने खाल्लं असेल तर तासाचाही उशीर न करता पशुवैद्याकडे न्या आणि वडीचं वेष्टन सोबत न्या. पिंजऱ्यांनी आटोक्यात आलं नाही तरच, आणि बंद पेटीत ठेवूनच, मी या वड्यांकडे वळेन. का, ते पुढच्या उत्तरात.

प्रश्न : कोठाराच्या माळ्यावर घुबड येऊन बसतं. रात्री फिसकारल्यासारखा आवाज येतो, खाली काळपट गोळे पडतात. आईला ते आवडत नाही. हुसकावू का?

कृपा करून हुसकावू नका. तुमच्या वर्णनावरून ते गव्हाणी घुबड आहे. पांढरं, बदामाच्या आकाराचं तोंड, आणि ओरडणं कमी, फिसकारणं जास्त.

ते काळपट गोळे म्हणजे विष्ठा नव्हे. घुबड उंदीर अख्खा गिळतं आणि न पचलेली हाडं-केस तोंडावाटे टाकतं. एक गोळा कागदावर घ्या, हातमोजे घालून पाण्यात भिजवा आणि दोन काड्यांनी उकला. मी पहिला उकलला त्यात तीन कवट्या निघाल्या. नखाएवढ्या, पुढचे दात पिवळेनारिंगी, आणि मऊ राखाडी केसांत गुंडाळलेल्या, जणू कोणी जपून ठेवल्या असाव्यात. एका गोळ्यात तीन उंदीर. पिल्लं असली की जोडी रात्रभर फेऱ्या मारते. आईंना असा एक गोळा उकलून दाखवा, एवढंच सुचवेन.

माझ्याकडेही अशी जोडी होती. उंदीर वाढले म्हणून मी कोठारात वड्या ठेवल्या. वडी खाल्लेला उंदीर लगेच मरत नाही, मंदावतो, उघड्यावर येतो, आणि घुबडाला सोपा सापडतो. आठ-दहा दिवसांनी मादी माळ्याखाली पंख पसरून पडलेली मिळाली. उचलली तेव्हा हाताला वजनच लागलं नाही. पिल्लं वर फिसकारत होती. त्यांतलं एक जगलं. त्यानंतर त्या कोठारात मी विष ठेवलेलं नाही, आणि आज तिथल्या पत्र्याखाली दोन फूट लांब लाकडी खोकं टांगलेलं आहे, तोंड सहा इंचांचं. तुम्हीही टांगू शकाल. माळ्यावरच्या जागेला धक्का लावू नका आणि पिल्लं असताना वर जाऊ नका.

प्रश्न : गोदामामागच्या उतारावर फूटभर रुंदीचं बीळ आहे. तोंडाशी काळा-पांढरा काटा मिळाला. शिवाय रात्री एक लांब नाकाचा, घाण वासाचा उंदीर चिरचिरत भिंतीकडेने पळतो. दोन्हींचा बंदोबस्त कसा?

बीळ साळिंदराचं आहे. ते काटे फेकून मारतं हे खरं नाही, पण पाठीमागे सरकत टोचतं, म्हणून कुत्र्याला त्याच्यामागे सोडू नका. कंदमुळं आणि सालं त्याचं खाणं, धान्यासाठी ते गोदामात शिरणार नाही. कोंडणं, धूर करणं, बीळ भरणं यातलं काहीही करू नका. साळिंदर कायद्याने संरक्षित आहे. बिळाचं तोंड गोदामाच्या पायापासून किती फुटांवर आहे ते टेपने मोजा, उताराचा फोटो काढा आणि वनविभागाला कळवा. ही बिळं खूप लांब आत जातात, त्यामुळे गोदामाच्या त्या बाजूच्या फरशीवर काठी आपटून बघाच.

दुसरी चिचुंद्री. ती उंदीर नाही, उंदरांच्या कुळातलीही नाही. झुरळं, किडे खाते आणि भिंत पोखरत नाही. तिचा वास नकोसा असतो हे खरं. तिला राहू द्या. तुमच्या पिंजऱ्यात ती बऱ्याचदा चुकून सापडेल, तेव्हा लगेच सोडा. तिची भूक एवढी सतत असते की पिंजऱ्यात काही तास उपाशी राहिली तरी ती मरते.